रात्री अकरानंतर रीलला पर्याय काय? ('पुस्तक वाचा' सोडून सांगा)

रातकिडा:
परवा 'पाचच मिनिटं' म्हणून आडवा झालो आणि पाणी प्यायला उठलो तेव्हा पावणेदोन! इच्छाशक्तीवर प्रवचन नको. माझ्या मते खरी गोम अशी की रील संपतच नाही. पूर्वी पान संपलं की 'पुढील पान' दाबावं लागे, तिथे हात थबकायचा. २००६ मध्ये अमेरिकन सॉफ्टवेअर डिझायनर एझा रास्किन यांनी न संपणारा स्क्रोल काढला, आणि पुढे त्यांनाच त्याचा पश्चात्ताप झाला. मग पर्यायही असा हवा, जो आपला आपण संपेल. जुन्या आकाशवाणीची सभा संपायची आणि घर झोपायचं. मी सध्या वीस मिनिटांची ऑडिओकथा टायमर लावून ऐकतो. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला, आवाज छोट्या स्पीकरवर.

सौ_घाईत:
साफ अमान्य. डबे, ऑफिस, मुलांचा अभ्यास, सासूबाईंच्या गोळ्या, या सगळ्यातून साडेदहानंतरचा तास तेवढा माझा. त्यातही 'कथा ऐका, श्वास मोजा' म्हणजे आणखी एक गृहपाठ! रील बघताना मला काहीच करावं लागत नाही, तेच तर हवं असतं. घरच्यांनी आठ वाजता अर्धा तास मोकळा दिला, तर मी दहालाच घोरत असेन. पर्याय तिथे शोधा.

रातकिडा:
अर्ध्या तासाचं शंभर टक्के मान्य. पण रात्रीचा तो तास तरी तुमचा कुठे राहतो? काय बघायचं ते अॅपच ठरवतं.

कडेगावकर:
आमच्या तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ पासूनचा प्रयोग बघा. संध्याकाळी ७ ला भोंगा झाला की टीव्ही-मोबाईल बंद, साडेआठला दुसरा भोंगा. तिथे हे जमलं ते सगळ्यांनी एकदम केलं म्हणून. एकट्याने उपास धरला की शेजारच्या भज्यांचा वास येतोच.

पुणेरी_पाटी:
कौतुक आहे, पण तो भोंगा सातचा. रात्री अकराला हिंजवडीच्या फ्लॅटमध्ये कोण वाजवणार? अमेरिकेचे कॉल संपवून आलेल्या माणसाची तर तेव्हा संध्याकाळ असते. नुसतं बंद करून भागत नाही हेही पाहिलंय: जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामने रील्स आणले. बोटं रिकामी राहिली का?

कडेगावकर:
अहो, म्हणूनच घरापुरता भोंगा ठरवा. चौघांचे फोन एकाच टोपलीत.

सौ_घाईत:
टोपलीत आधी नवऱ्याचा पडू दे. बाकी काल रातकिड्यांचं ऐकून कथा लावली, टायमरसकट. छान होती. बरोब्बर ऐन रंगात बंद पडली. पुढे काय झालं ते बघायला फोन उचलला, तो साडेबाराला ठेवला.

रातकिडा:
फोन होता कुठे?

सौ_घाईत:
उशीखाली. गजर त्यातच आहे ना!