अनुभव धागा: व्हाइट सॉक्सचे १२१ पराभव – तुमचा राग कोणावर?

शिकागो व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाने २०२४ च्या हंगामात १६२ पैकी १२१ सामने गमावले आणि १९६२ साली न्यूयॉर्क मेट्सने नोंदवलेला १२० पराभवांचा आधुनिक काळातील विक्रम मोडला. त्या वर्षी आमच्याकडे गणपतीच्या जेवणाच्या पंगतीतही हाच विषय निघाला. सगळे जण चिडलेले होते, पण कोणावर चिडायचे याबाबत दोघांचेही एकमत होईना. म्हणून हा धागा. बेसबॉल नव्याने पाहणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की येथील मॅनेजर हा कचेरीतला व्यवस्थापक नव्हे. फलंदाजीचा क्रम लावणे आणि पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) कधी बदलायचा हे ठरवणे, ही सामना चालू असतानाची कामे त्याची असतात. खेळाडू घेणे आणि देणे मात्र जनरल मॅनेजर व मालक यांच्या अखत्यारीत येते. प्रतिसाद देताना हा फरक ध्यानात ठेवावा, ही विनंती. मालकांबद्दल लिहिण्यास अर्थातच मनाई नाही.

पस्तिसावा रस्ता, शिकागो

मी त्या वर्षी इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकत होतो आणि संघाचे मैदान आमच्या आवारापासून चालत जाण्याइतके जवळ आहे. यजमान संघाने होम रन (चेंडू मैदानाबाहेर धाडणारा फटका) मारला की तेथील धावफलकावरून फटाके उडतात, त्यामुळे अभ्यास करतानाही सामन्याची थोडीफार खबर मिळत असे. त्या जुलैत संध्याकाळी फार शांतता असायची. अपवाद शुक्रवारचा, कारण शुक्रवारची आतषबाजी आधीच ठरलेली असते आणि निकाल काहीही लागला तरी ती होते.

१० जुलैपासून ५ ऑगस्टपर्यंत संघ लागोपाठ २१ सामने हरला, त्यांपैकी सिएटलविरुद्धचा एक सामना मी मैदानात बसून पाहिला. शेजारच्या आजोबांनी २००५ चे विजेतेपद पाहिलेले होते, तब्बल ८८ वर्षांनी मिळालेले. ते खेळाडूंना एक शब्दही बोलले नाहीत. मक्याचे दाणे कापून त्यावर लोणी, मेयोनीज, चीज, तिखट आणि लिंबू घालून येथे जो एलोते मिळतो, त्याचा पेला माझ्यापुढे धरून ते म्हणाले, "हे घे, इथे चांगले एवढेच उरले आहे." पावसात चौपाटीवर खाल्लेल्या कणसाची आठवण झाली. राग आला तो आजोबांच्या चेहऱ्याकडे पाहून, आणि तो मैदानातल्या कोणावरच नव्हता.

नेपरव्हिल, इलिनॉय

माझा राग मॅनेजर पेद्रो ग्रिफोल यांच्यावर होता आणि तो मी लपवणार नाही. हंगामाची सुरुवात ३ विजय आणि २२ पराभव अशी झाल्यावर संघाकडून फलंदाजीची अपेक्षा कोणीच ठेवली नव्हती, परंतु क्षेत्ररक्षणात कोणी कोणाच्या मागे उभे राहायचे, धावपटूने कधी थांबायचे, या प्राथमिक गोष्टी तरी घोटून घेतल्या जातील असे वाटत होते, कारण त्याला पैसे लागत नाहीत. मे महिन्यात बाल्टिमोरविरुद्धच्या एका पराभवानंतर त्यांनी संघ मरगळलेला होता असे पत्रकारांना कडक शब्दांत सांगितले आणि काही खेळाडूंना ते मान्य नव्हते. घरातली गोष्ट चव्हाट्यावर नेली की घरात कोणी ऐकत नाही. ८ ऑगस्ट रोजी त्यांना काढले तेव्हा त्या हंगामातील त्यांचा हिशेब २८ विजय आणि ८९ पराभव असा होता. सलग पराभवांची मालिका तुटून तेव्हा दोनच दिवस झाले होते.

शॉमबर्ग, इलिनॉय

वरील प्रतिसाद वाचला. मला तो अर्धाच पटतो. ग्रिफोल चांगले मॅनेजर होते असे मी म्हणणार नाही, पण त्यांच्या हातात काय होते ते पाहावे. डिलन सीज या अव्वल पिचरला मार्चमध्ये, म्हणजे हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर, सॅन डिएगोला देण्यात आले आणि त्याने जुलैत तिकडे नो-हिटर टाकला, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांना पूर्ण सामन्यात एकही हिट (यशस्वी फटका) मिळू दिला नाही. त्या दिवशी आमचा संघ पराभवांच्या मालिकेच्या मध्यावर होता. एरिक फेडी हा पिचर कोरियातून परतून उत्तम टाकत होता. त्यालाही जुलैअखेर सेंट लुईसला पाठवले. फलंदाज लुईस रॉबर्ट एप्रिलमध्येच जखमी झाला. उरलेल्या संघाने वर्षभरात ५०७ धावा केल्या, म्हणजे सामन्यामागे तीनच्या जरा वर. एवढ्यात कोणता क्रम लावला असता तर फरक पडला असता? ग्रिफोल गेल्यावर ग्रेडी साइझमोर हंगामी मॅनेजर झाले, वागायला सौम्य, खेळाडूंना प्रिय. त्यांचा हिशेब १३ विजय आणि ३२ पराभव. स्वयंपाकी बदलला, शिधा तोच राहिला.

संघाचे मालक जेरी राइन्सडॉर्फ यांच्याकडे संघ १९८१ पासून आहे आणि २०२४ मध्येच ते नव्या मैदानासाठी सरकारी तिजोरीतून सुमारे १ अब्ज डॉलरची अपेक्षा करत होते. माझ्या रागाचा पत्ता तो आहे.

ओरोरा, इलिनॉय

मला फक्त २३ मेच्या सामन्याबद्दल लिहायचे आहे. बाल्टिमोरविरुद्ध ६–८ अशी पिछाडी, नववी इनिंग, एक बाद, दोन बेसवर (धावपटूच्या थांब्यांवर) आपले धावपटू. आपला फलंदाज बेनिन्टेंडीने चेंडू उंच उडवला. पंचांनी इनफिल्ड फ्लायचा नियम लावला, म्हणजे झेल घेतला जावो वा न जावो, फलंदाज बादच. आपला धावपटू अँड्र्यू वॉन दुसऱ्या बेसकडे परत वळत असताना बाल्टिमोरचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या व तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) गनर हेंडरसन त्याच्या वाटेत आला. वॉनची नजर दुसरीकडे होती. हेंडरसनने झेल आरामात घेतला, तरीही अडथळा आणल्याबद्दल वॉनला बाद दिले आणि सामना तिथेच संपला. क्रिकेटमध्ये अडथळा मुद्दाम आणलेला असावा लागतो. येथे हेतूची अट नाही. मी उठून उभा राहिलो होतो, तसाच दोन मिनिटे उभा राहिलो.

त्यानंतर वॉनला मिळालेल्या शिव्या मला कधीच पटल्या नाहीत. जून २०२५ मध्ये त्याला मिलवॉकीला देऊन टाकले, तेव्हा त्याची फलंदाजीची सरासरी .१८९ होती. मिलवॉकीकडून पहिल्याच फलंदाजीला त्याने तीन धावांचा होम रन मारला आणि पुढे त्या संघासाठी .३०० च्या वर सरासरीने खेळला. माणूस तोच, बॅट तीच. मग शिकागोत त्याला कोण शिकवत होते, आणि काय?

पुणे

शिकागोत सहा वर्षे राहून परत आलो, सवय गेली नाही. रात्रीचे सामने आपल्याकडे पहाटे सव्वापाच-साडेपाचला सुरू होतात. दूध येईपर्यंत संघ मागे पडलेला असे. आई विचारायची, "हरणार हे माहीत असताना उठतोस कशाला?" या प्रश्नाचे उत्तर मला अजून देता आलेले नाही.

एव्हनस्टन, इलिनॉय

आमच्या नऊ वर्षांच्या लेकीला मैदानात बसून पेन्सिलीने सामन्याची नोंद करायला आवडते. स्ट्राइकआउटसाठी (तीन स्ट्राइक होऊन फलंदाज बाद झाला तर) 'के' लिहितात आणि फलंदाज बॅट न फिरवता बाद झाला तर तोच 'के' उलटा काढतात. उलटा 'के' काढायला मिळाला की ती खूश. त्यामुळे तिचा देव एकच, गॅरेट क्रोशे. शस्त्रक्रियेतून सावरलेला आणि त्याआधी मोठ्या लीगमध्ये कधीही सामन्याची सुरुवात न केलेला हा डावखुरा पिचर त्या वर्षी १४६ इनिंग्जमध्ये २०९ स्ट्राइकआउट घेऊन गेला. उत्तरार्धात त्याचा हात जपण्यासाठी त्याला चार-चार इनिंग्जनंतर थांबवू लागले. ते योग्यच होते, पण पाचव्या इनिंगमध्ये दुसरा पिचर आला की लेक वही मिटायची. आकडे सांगतात की पिचर म्हणून त्याच्या नावावर ६ विजय आणि १२ पराभव आहेत, म्हणून त्या आकड्यांवर मी विश्वास ठेवणे सोडून दिले आहे.

डिसेंबरमध्ये त्याला बोस्टनला दिले. बदल्यात मिळालेल्या चार तरुणांपैकी काइल टील आणि चेस माइड्रॉथ आता संघात खेळतात आणि बरे खेळतात. व्यवहार म्हणून तो वाईट नव्हता हे मला कळते. लेकीला समजावताना मात्र माझी तारांबळ उडाली, कारण तिचे म्हणणे एवढेच होते की जो चांगले काम करतो त्यालाच का पाठवतात.

नोव्हाय, मिशिगन

२७ सप्टेंबरला डेट्रॉइटमध्ये जो सामना १–४ असा गमावून १२१ चा आकडा पूर्ण झाला, त्या सामन्याला मी व्हाइट सॉक्सची टोपी घालून हजर होतो. त्याआधीच्या तीन दिवसांत घरच्या मैदानावर एंजल्सला सलग तीनदा हरवून संघाने हा विक्रम लांबवला होता. त्यांपैकी पहिल्या सामन्यात आठव्या इनिंगमध्ये ०–२ वरून ३–२ अशी आघाडी मिळवून देणारा फटका बेनिन्टेंडीचा आणि दुसऱ्या दिवशी दहाव्या इनिंगमध्ये विजयी फटकाही त्याचाच. संघाच्या इतिहासातील सर्वांत मोठा करार, पाच वर्षांचे साडेसात कोटी डॉलर, घेतल्याबद्दल मी त्याला वर्षभर नावे ठेवली होती. कराराच्या कागदावर सही दोघांची असते हे मला सप्टेंबरात सुचले.

डेट्रॉइटच्या संघाला, टायगर्सना, त्या रात्री प्लेऑफचे (हंगामानंतरच्या विजेतेपदाच्या फेऱ्यांचे) तिकीट मिळाले. शेवटचा खेळाडू बाद होताच सगळे मैदान नाचू लागले आणि आमच्या विक्रमाकडे कोणाचेही लक्ष नव्हते, याचे मला खरे तर हायसे वाटले. बाहेर पडताना टायगर्सच्या एका वयस्क चाहत्याने माझी टोपी पाहिली, थांबला आणि म्हणाला, "आम्ही २००३ साली ११९ हरलो होतो." मग गर्दीतून वाट काढत तो मला माझ्या गाडीपर्यंत सोडायला आला.