मदत हवी आहे: क्रॅगसाइड इस्टेट उभी करणाऱ्या कामगारांविषयी

नमस्कार मंडळी. इंग्लंडच्या नॉर्थम्बरलंडमधल्या रॉथबरी या छोट्या गावाजवळच्या क्रॅगसाइड इस्टेटवर मी लेख लिहितेय. उद्योगपती विल्यम आर्मस्ट्राँग यांनी १८६३ साली इथे घर बांधायला घेतलं. हायड्रॉलिक क्रेन आणि तोफांच्या कारखान्यातून आलेला पैसा त्यांनी या खडकाळ उतारावर ओतला. तळी, लाखो झाडं, पाण्याच्या दाबावर चालणारी लिफ्ट, आणि १८७८ मध्ये चक्क पाण्यापासून वीज! ग्रंथालयातले दिवे तर वाचतानाच डोळ्यांपुढे उभे राहतात: तांब्यावर मीनाकाम केलेली फुलदाणी, तिच्यावर दिवा, खाली बैठकीत पाऱ्याची छोटी वाटी. फुलदाणी उचलली की पाऱ्यातून येणारी वीज तुटून दिवा विझायचा, परत ठेवली की लागायचा.

पण माझं मन अडकलंय ते झाडं लावणाऱ्या, दगड फोडणाऱ्या माणसांत. मालकाबद्दल भरपूर मिळतं, यांच्याबद्दल जेमतेम ओळ-दोन ओळी. मजुरीच्या वह्या, पत्रं, जुने फोटो कुठे पाहायला मिळतील? १९७७ पासून इस्टेट नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. तिथे कुणी जाऊन आलंय का? कामगारांविषयी काही मांडलंय का तिथे? तिकडच्या जनगणनेच्या जुन्या नोंदी कशा शोधायच्या, हेही कुणी समजावून सांगितलं तर फार मदत होईल.