अ‍ॅड-इन घरी वापरा, हॉलमध्ये त्यांच्या भरवशावर जाऊ नका

नागनदीकाठचा
मी स्थापत्य अभियांत्रिकी शिकवतो. मार्चमध्ये नागपुरातल्याच एका कॉलेजात माझं व्याख्यान होतं. विषय २३ सप्टेंबर २०२३ चा पूर: अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नागनदीकाठच्या वस्त्यांत पाणी कसं शिरलं. माझ्या पॉवरपॉइंटमधला नकाशा त्याला वरून जोडलेल्या एका छोट्या प्रोग्राममधून, म्हणजे अ‍ॅड-इनमधून येत होता. घरी झकास चालला. हॉलमधल्या कॉम्प्युटरला इंटरनेट नव्हतं, त्यामुळे नकाशाच्या जागी नुसती राखाडी चौकट आली. ज्यांच्या घरात त्या पहाटे पाणी शिरलं होतं अशी पोरं समोर बसली होती, आपली गल्ली कुठे दिसते ते पाहायला पुढे वाकली होती. शेवटी खडूने फळ्यावर नदी काढली.

तेव्हापासून मी अ‍ॅड-इनच्या दोन जाती मानतो. एक जात काम करून बाजूला होते. इग्वानाटेक घ्या: लेटेक्समध्ये (गणिती मजकूर लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये) समीकरण लिहायचं, ते चित्र होऊन स्लाइडवर बसतं. लेटेक्स फक्त बनवणाऱ्याच्या मशीनवर लागतं, दाखवणाऱ्याच्या नाही. थिंक-सेल या आलेख काढणाऱ्या अ‍ॅड-इनचे आलेखही ते नसलेल्या मशीनवर दिसतात, फक्त त्याच्या सोयीने बदलता येत नाहीत. दुसऱ्या जातीला दाखवतानाही हजर राहावं लागतं. स्लाइडमध्ये फक्त तिचा पत्ता असतो, मजकूर त्या क्षणी इंटरनेटवरून येतो. ही दुसरी जात व्याख्यानाच्या फाइलमध्ये ठेवूच नये, असं माझं ठाम मत आहे.

अनुपमा_गणित
सर, पहिल्या जातीबद्दल शंभर टक्के मान्य. दुसरीवर मात्र तुम्ही अन्याय करताय.

माझ्या पहिल्या वर्षाच्या वर्गात ७० मुलं आहेत. बरीच गडचिरोली-गोंदियाकडची, होस्टेलला राहणारी. "कळलं का?" विचारलं की सगळ्या माना हलतात. मी स्लाइडमध्येच मतदानाचं अ‍ॅड-इन लावते, मुलं मोबाईलवरून नाव न देता उत्तर देतात आणि निकालाच्या आलेखाचे खांब डोळ्यांसमोर वाढतात. एकदा सीमेच्या (लिमिटच्या) साध्या प्रश्नावर निम्म्याहून जास्त वर्ग चुकला. तो तास मी तिथेच थांबवला आणि मागचा धडा पुन्हा घेतला. नऊ वर्षं शिकवतेय, इतकं स्पष्ट मला कधी दिसलं नव्हतं. एका हॉलला इंटरनेट नव्हतं म्हणून हे सोडायचं?

नागनदीकाठचा
मॅडम, मतदान सोडा असं मी म्हणतच नाही. क्यूआर कोडचं चित्र स्लाइडवर ठेवा, निकाल ब्राउझरमध्ये उघडा. इंटरनेट गेलं तर निकाल थांबेल, स्लाइड शाबूत राहील.

अनुपमा_गणित
करून पाहिलंय. खिडकी बदलली की मुलांची नजर तुटते. शिवाय मी स्वतःच्या वर्गात, स्वतःच्या लॅपटॉपवर शिकवते. पाहुणा वक्ता आणि रोजचा शिक्षक यांना एकच नियम लावू नका.

लॅबवाला_भाऊ
आमच्याकडे ४० मशीन आहेत, म्हणून माझंही ऐका. "पॉवरपॉइंट उघडायला वेळ काहून लागून राहिला?" ही तक्रार आली की मी आधी कंट्रोल दाबून ठेवून ते सुरू करतो. सेफ मोडमध्ये, म्हणजे जोडलेलं काही न घेता, उघडू का असं विचारतो, हो म्हणायचं. तिथे भरकन उघडलं तर दोष बहुतेक वेळा मशीनवर इन्स्टॉल केलेल्या कुठल्यातरी कॉम अ‍ॅड-इनचा. मग फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅड-इन्समध्ये जाऊन एकेक बंद करायचं. आणि ही कॉम जात फक्त विंडोजवर चालते, मॅकवर नाही, ब्राउझरमधल्या पॉवरपॉइंटमध्येही नाही. सर लोक मॅकबुक घेऊन येतात अन् मला विचारतात बटन कुठं गेलं.

मॅक्रोच्या, म्हणजे आत छोटा प्रोग्राम लिहिलेल्या, फायलींचंही तसंच. इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो मायक्रोसॉफ्ट २०२२ पासून आपणहून अडवतं. ते बरोबरच आहे, पण आदल्या रात्री मेलवर पाठवून सकाळी चालेल अशी आशा धरू नका बाप्पा.

रामदासपेठ_डिझाइन
नागनदीकाठचे, तुमचा तर्क मला अर्धवट वाटतो. ज्या फाँटमध्ये मराठी लिहिलं तो दुसऱ्या मशीनवर नसेल तर स्लाइडची तीच गत होते. जुना बिगर-युनिकोड फाँट असेल तर अक्षरांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा गुंता येतो. म्हणून आपण फाँट वापरणं सोडलं का? युनिकोड घेतलं, फाँट फाइलमध्ये एम्बेड करायला शिकलो. अ‍ॅड-इनचंही तसंच शिकायचं.

नागनदीकाठचा
तुमच्याच उदाहरणात माझं उत्तर आहे. फाँट फाइलमध्ये भरून नेता येतो, माझं नकाशाचं अ‍ॅड-इन येत नाही.

आणि "हे तर मायक्रोसॉफ्टचंच आहे" या भरवशावरही राहू नका. जुना इक्वेशन एडिटर ऑफिससोबतच यायचा. सुरक्षेतलं भोक सापडलं आणि जानेवारी २०१८ च्या अपडेटमध्ये तो काढूनच टाकला. माझ्या जुन्या नोट्समधली समीकरणं आजही दिसतात, पण बदलायला गेलो तर एडिटरच नाही. ती दिसतात तरी, कारण चित्र फाइलमध्येच राहिलं होतं.

निवासी_डॉक्टर
इथे कोणी परवानग्यांबद्दल बोललं नाही. स्टोअरमधलं अ‍ॅड-इन घेताना तिथे लिहिलेलं असतं की ते तुमचा दस्तऐवज वाचू आणि बदलू शकतं. आमच्या केस प्रेझेंटेशनमध्ये एक्स-रेच्या कोपऱ्यात रुग्णाचं नाव असतं. त्या फाइलवर मी एकही अ‍ॅड-इन चालवत नाही, कितीही सोयीचं असो. आधी नाव पुसते, मगच पुढचं.

अनुपमा_गणित
डॉक्टर, हे मला सुचलंच नव्हतं. प्रश्नपत्रिकेच्या फायलींवरून उद्याच काढते.

सर, मतदानावर मी अजून ठाम आहे. मात्र प्रत्येक मतदानाच्या स्लाइडमागे गेल्या वर्षीच्या निकालाचं एक साधं चित्र ठेवून पाहीन, नेट गेलं तर तेवढ्यावर चर्चा होईल.

नागनदीकाठचा
हे मान्य. मीही नकाशाचे सहा स्क्रीनशॉट घेतलेत, पाणी चढण्याच्या क्रमाने. लॅबवाले भाऊ, शनिवारी तुमचं एखादं मशीन इंटरनेट काढून मिळेल का? दोघांच्याही फायली पेनड्राइव्हवरून चालवून बघू.

लॅबवाला_भाऊ
या ना सर, अकराला. मशीन तयार ठेवतो.