Re: गोव्याला जाताना वाटेत वेगळा मुक्काम

"सावंतवाडी म्हणजे मोती तलावाकाठी चहा आणि लाकडी खेळणी, दोन तास पुरे" हे वर वाचलं. खेळण्यांपुरतं बरोबर आहे, पण मुक्कामाचं पटत नाही. राजवाड्याच्या आवारातल्या ताईसाहेब वाड्यात आता राहता येतं, आणि खोल्यांची सजावट गंजिफावर, म्हणजे खेळायच्या जुन्या गोल पत्त्यांवर, बेतलेली आहे.

खरी मजा मात्र दरबार हॉलमध्ये. तिथे कारागीर अजून गंजिफा हाताने रंगवतात. दशावताराचा जोड १२० पानांचा: दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं. मी बघत होतो तेव्हा एक बाई तळहातावर मावेल एवढ्या गोल पानावर मत्स्याचे खवले काढत होत्या. अर्धा तास गेला, पान एकच! (बायको तोवर तलावाला फेरी मारून आली.) दुकानं मिटल्यावरचा तलाव बघायचा तर रात्रीच राहायला हवं.