पोट डावीकडे फुगलंय की उजवीकडे, आधी ते बघा
वर कोपरखैरणेच्या भाजी मार्केटमागच्या गाईबद्दल विचारलंय, पोट फुगलंय, दोन दिवस खात नाही, आणि खाली बऱ्याच जणांनी गाभण असेल म्हणून सोडून दिलंय. प्लीज असं सोडू नका. गाभण गाईचं पोट शेवटच्या महिन्यांत जास्त करून उजवीकडे खाली उतरतं. डाव्या बाजूला, शेवटच्या बरगडीच्या मागची खळगी वर फुगून ताठ झाली असेल आणि रवंथ बंद असेल तर कोठीपोटात (गाईच्या पोटाचा पहिला, सगळ्यात मोठा कप्पा) गॅस धरलाय, आणि शहरातल्या मोकाट गाईत त्याचं कारण बऱ्याचदा प्लास्टिक असतं. गाय चावून निवडत बसत नाही, शिळा भात बांधलेली पिशवी तशीच गिळते, ती पुढे सरकत नाही, आत दोऱ्या-पिशव्यांचा गोळा होत जातो, मग औषधाने काही होत नाही, डाव्या कुशीतून ऑपरेशन करून तो काढावा लागतो. कधीकधी तार किंवा खिळा पण जातो, तो पुढे हृदयाच्या आवरणापर्यंत घुसू शकतो.

अजून एक, सणाला एकाच गाईला पाच सोसायट्यांतून पोळ्या, भात, पाव घालतात ना, त्याने पोटात आम्ल वाढून गाय दगावू पण शकते. द्यायचंच तर हिरवा चारा द्या, आणि ओला कचरा पिशवीत गाठ मारून टाकू नका, खरंच हात जोडून सांगतोय.

आत्ता मात्र १९६२ ला फोन लावा, जनावरांसाठीचा टोल फ्री नंबर आहे, घरगुती म्हणून तोंडात तेल ओतू नका, श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो. ती उठून उभी राहतेय का, तेवढं इथे कळवा.