ब्रेझाला टो हिच (गाडीच्या मागं खालून बसवायचं, रॅक अडकवायचं लोखंडी जोड) लावून सायकली न्यायच्या आहेत, बेळगावात कुणी बसवून घेतलंय का?

टिळकवाडीचा सायकलवाला:
नमस्कार मंडळी. माझी २०१८ ची ब्रेझा आहे, केए २२ पासिंग. मी आणि पोरगी दर रविवारी जांबोटीच्या बाजूला सायकल चालवायला जातो, वेळ असला की कणकुंबीपर्यंत. आत्तापर्यंत डिकीला पट्ट्यांनी बांधायचा रॅक वापरत होतो, पण त्याचे हूक डिकीच्या वरच्या कडेला बसतात, तिथला रंग गेला आणि आतला पत्रा दिसायला लागलाय. त्यात खड्ड्यात गाडी आपटली की पट्टा सैल पडतो. मागच्या महिन्यात पोरीच्या सायकलचं पुढचं चाक खाली येऊन रस्त्याला घासत होतं, मागच्या टेम्पोवाल्यानं हॉर्न मारून मारून सांगितलं म्हणून कळलं, नाहीतर काय झालं असतं ह्या विचारानं अजून पोटात गोळा येतो. आता टो हिचच बसवायचं ठरवलंय. उद्यमबागेत एका फॅब्रिकेशनवाल्याला विचारलं तर तो म्हणाला बंपरच्या आतल्या पट्टीलाच चौकोनी पाइप वेल्डिंग मारून देतो, अर्ध्या दिवसाचं काम. रेडीमेड बोल्टवर बसणारा पण मिळतो, पण त्याला पैसे बरेच जास्त. दोनच तर सायकली आहेत, एकेक १४ किलोची, रॅक १८ किलो. वेल्डिंगचं चालेल का?

लेथवाला उद्यमबाग:
नको हो दादा, बंपरच्या पट्टीला अजिबात नको. ती पट्टी मागून धक्का बसला तर चेपायसाठी दिलेली असते, वजन लोंबकळत ठेवायसाठी नाही. ब्रेझा मोनोकॉक आहे, म्हणजे बॉडी आणि सांगाडा एकच, बोलेरो स्कॉर्पिओसारखी वेगळी चेसिस नाही तिला, म्हणून हिचचा आडवा पाइप दोन्ही बाजूच्या लांब मेंबरला (गाडीखालून लांबीला जाणाऱ्या मजबूत पट्ट्यांना) बोल्टनंच धरला पाहिजे. वेल्डिंगच्या उष्णतेनं तिथला पत्रा कमजोर होतो, गंज धरू नये म्हणून दिलेला थर जळतो आणि आपल्याकडं पाऊस काय कमी पडतोय का, दोन पावसाळ्यात गंज सुरू.

आणि ४६ किलो म्हणून हलकं समजू नका. ते वजन मागच्या चाकाच्या साधारण १.२ मीटर मागं लोंबणार, तुमच्या गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकातलं अंतर, २.५ मीटर, म्हणजे पुढच्या चाकावरचं २२ किलो उचललं जातं आणि मागच्या चाकावर ६८ येतात. हे गाडी उभी असताना. खड्ड्यात आपटली की तेवढ्याच बोल्टवर कितीतरी पट झटका बसतो.

बोल्टच्या डोक्यावर ८.८ नाहीतर १०.९ (मजबुतीचा आकडा) लिहिलेलं बघूनच घ्या, नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेला, सैल न होणारा) लावा, आणि पहिल्या दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर परत पाना लावून बघा.

खानापूरकर:
लेथवाल्यांचं शंभर टक्के बरोबर. माझ्या जुन्या गाडीला मी असंच वेल्डिंगचं करून घेतलं होतं. चोर्ला घाटातून वर येताना मागून सारखा टक टक आवाज, मला वाटलं सायकलचं पेडल आपटतंय. थांबून बघतोय तर वेल्डिंगच्या शेजारी, जोडावर नाही, शेजारच्या पत्र्यात, बोटभर लांब चीर गेलेली आणि कडेला चकाकतंय लोखंड. सायकली तिथंच काढल्या, एक जण चालवत आणि एक गाडीत असं घरी आलो. एकटा असतो तर काय केलं असतं कुणास ठाऊक.

अजून एक, सायकलचं चाक सायलेन्सरच्या तोंडासमोर येत नाही ना ते नक्की बघा. माझा टायर तिथं एका बाजूनं मऊ पडून फुगला होता.

निपाणीचा राइडर:
माझी काळजी वेगळीच आहे. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं केरळच्या केसमध्ये सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या बाहेर जाणारा बदल चालणार नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. म्हणून पत्रा कापणं, वेल्डिंग करणं ह्याच्या वाटेला जाऊच नका, आणि बोल्टचं बसवायच्या आधी इन्शुरन्सवाल्यांना लेखी विचारा, तोंडी उत्तर घेऊ नका. मागून कुणी ठोकलं तर पहिला प्रश्न तिथूनच येतो. दुसरं म्हणजे रॅक लावला की नंबर प्लेट आणि ब्रेक लाइट झाकले जातात. तुम्ही चोर्ल्यातून गोव्यात उतरा नाहीतर चंदगडवरून आंबोलीला जा, राज्य बदलतं, केए पासिंगची गाडी मागून झाकलेली म्हटल्यावर थांबवणारच की. आणि सायकली नसताना हिच काढून ठेवा, पार्किंगमध्ये माणसांच्या नडग्यांना लागतं ते.

टिळकवाडीचा सायकलवाला:
सगळ्यांचे मनापासून आभार, वेल्डिंगचा विषय संपला. पण मग खरंच विचारतो, दोन सायकलींसाठी एवढं करायचं का?

सायकल अक्का शहापूर:
मी स्विफ्टमधून दोन सायकली आत घालून नेते. मागची सीट पाडायची, दोन्ही पुढची चाकं काढायची, पहिली सायकल गिअरची बाजू वर करून आडवी, वर जुनी रजई, मग दुसरी उलट्या तोंडानं. पेडल काढलं की अजून जागा होते, फक्त डाव्या पेडलचा आटा उलटा असतो, नेहमीसारखं फिरवून जोर लावत बसू नका. जांबोटीची लाल माती सीटला लागते म्हणून खाली ताडपत्री टाकते. दहा मिनिटं जातात पण सायकल आपल्या डोळ्यासमोर असते. तुम्ही दोघंच जाता ना, मग जागा होते. तिसरं माणूस आलं तरच हिचचा विचार करा असं मला वाटतं.

टिळकवाडीचा सायकलवाला:
तिसरं माणूस म्हणजे भाचा, तो मे महिन्यात सुट्टीला येतो. तोपर्यंत अक्कांसारखंच आत घालून बघतो. ह्या शनिवारी गाडी रॅम्पवर चढवून खालून लांब मेंबरला कंपनीची भोकं आहेत का ते बघतो, फोटो टाकतो इथं.

लेथवाला उद्यमबाग:
टाका की. आणि रेडीमेड घेतलात तर दोन इंची रिसीव्हर (रॅकचा दांडा आत जातो तो चौकोनी पाइप) आणि तो दांडा अडकवायची १६ मिलीमीटरची पिन असलेलंच घ्या. कमी जाडीची पिन घालून देतात लोक, मग रॅक डोलतो आणि भोक लांबट होत जातं.