बीपी मशीनच्या मोटरवर मासे पोसणाऱ्यांसाठी

खवल्या:
माशांच्या टाकीत हवा सोडणाऱ्या पंपाच्या आवाजाबद्दल काल खटपट्या यांनी लिहिलं, "बंद पडलेल्या बीपी मशीनची मोटर काढा, मोबाईलच्या चार्जरवर लावा, डब्यात स्पंज कोंबून बसवा. बाजारातला घुरघुरणारा पंप घेणारे पैसे पाण्यात घालतात." कोटी चांगली होती, बाकी काही पटलं नाही.

ती मोटर एका वेळी मिनिटभर चालण्यापुरती असते. चोवीस तास जुंपलीत तर आतले ब्रश, म्हणजे फिरत्या भागाला घासत वीज पोचवणारे तुकडे, झिजणारच. मग आवाज अगदी शून्य होईल, ते मान्य! आणि दीड फूट खोल पाण्यात ती हवा ढकलणार कशी?

मुळात दोष पंपाचा नसतोच. त्याच्या आत तारेची कॉइल, तिच्यासमोर लोहचुंबकाची पट्टी, पट्टीला हवा ढकलणारा रबरी पडदा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून पट्टी सेकंदाला ५० वेळा हलते. ती थरथर लाकडी स्टँडमध्ये उतरली की अख्खं कपाट बोलतं. पंप अधांतरी टांगा. माझा तीन वर्षं पायजम्याच्या नाडीवर लटकतोय, चकार शब्द नाही.

खटपट्या:
नाडी वाचून भरून आलं. आता गणित करू. जी मोटर दंडाचा पट्टा २०० मिमी पाऱ्यापर्यंत फुगवते, तिला दीड फूट पाणी जड? पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड. २०० मिमी म्हणजे २.७ मीटर पाणी झालं.

आठ महिने चालू आहे. ब्रश झिजल्याचं तिला अजून कुणी कळवलेलं नाही. आणि हौस म्हणून नाही केला हो. एका खोलीचं घर, टाकीपासून वडिलांची उशी दोन हातांवर. तुमच्या नाडीचा प्रयोगही झाला. पडदा सैल झाला की टांगलेला पंपही फडफडतो.

जलपर्णी:
टांगा नाहीतर डब्यात कोंबा, पण पाण्याच्या पातळीच्या वर! नाहीतर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा, म्हणजे पाणी उलटं येत नाही. मे महिन्यात रात्री लाईट गेली, नळीतून पाणी उलटं आलं, पहाटे हॉलमध्ये तळं. खालच्या काकू अजून जिन्यात तोंड फिरवतात.

वायरमन:
इन्व्हर्टर नाही का घरात?

जलपर्णी:
आहे की. त्यावर पंप दुप्पट घुरघुरतो, म्हणून रात्री इन्व्हर्टरवरून काढून ठेवला होता.

वायरमन:
स्वस्तातला स्क्वेअर वेव्ह घेतला असणार, म्हणजे चौकोनी लाटेची वीज देणारा. त्यावर पंखासुद्धा कण्हतो. लोक टीव्हीला लाख घालतात आणि इन्व्हर्टरला कंजुषी. घरच्या विजेसारखी गुळगुळीत लाट देणारा साइन वेव्हच घ्यायचा, दहा वर्षं सांगतोय.

जलपर्णी:
वीस रुपयांच्या गप्पीसाठी? बॅटरीत पाणी कोण घालणार, तुम्ही येणार?

वायरमन:
बॅटरीत पाणी घालायचा आळस असणाऱ्यांनी मासे पाळूच नयेत.

जलपर्णी:
आमच्या घरी काय पाळायचं ते तुम्ही ठरवू नका.

खटपट्या:
भांडा निवांत. माझी मोटर ५ व्होल्टची, लाईट गेली की पॉवर बँकवर. वेव्ह-बिव्ह काही नाही.

खवल्या:
पाऱ्याचं गणित कागदावर मांडून पाहिलं. बरोबर आहे, दुर्दैवाने. पॉवर बँकचंही ठीक. पण दाब वेगळा आणि हवा किती येते ते वेगळं. ऑक्सिजन मुख्यतः पृष्ठभागावरून विरघळतो, म्हणून वरचं पाणी हलतंय का ते बघा. ३० अंशांना लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच मावतो, उन्हाळ्यात कळेल. ब्रशबद्दल एक इंचही मागे हटत नाही. मोटर गेली की तारखेसकट इथे लिहा.

खटपट्या:
लिहीन. नाडी तुटली की तुम्हीही लिहा.

वायरमन:
इन्व्हर्टर कोणता आहे ते शेवटपर्यंत सांगितलं नाहीच.